सहा एमएमचा भाव

"सोळा एमएमच्या खालचा मणी आमचा एक्स्पोर्टवाला हातात धरत नाही, आन् तुम्ही सहा एमएमला पैसे देऊन राहिले?"

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात हा प्रश्न मला परवा विचारला गेला. विचारणारे काका अनोळखी. माझ्या मोबाइलवरची आयपीसची, म्हणजे दुर्बिणीत डोळा लावायच्या भिंगांची यादी त्यांनी माझ्याच खांद्यावरून वाचली होती.

मी तिथे फक्त माझा सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा, विचारायला गेलो होतो. माझ्याकडे आठ इंची आरशाची, साध्या बैठकीवर फिरणारी डॉब्सोनियन दुर्बीण आहे आणि तिला एक बरा, परवडणारा वाइड अँगल आयपीस घ्यायचाय. साधा नंबर दुर्बिणीच्या फोकसने भरून निघतो, सिलिंडर निघत नाही. तो जास्त असेल तर चष्मा घालूनच बघावं लागतं, आणि मग डोळा भिंगापासून १५-२० मिलिमीटर लांब राहतो. १० एमएमचा प्लॉसल, म्हणजे नेहमीचा साधा आयपीस, सातेक मिलिमीटरच्या पुढे डोळा नेऊ देत नाही. काचेवर काच आपटते. विकणारे मात्र 'एचडी', 'मल्टिकोटेड' वगैरे ठळक छापतात आणि हा एक आकडा तेवढा गाळतात. हे सगळं ऐकून दुकानदार म्हणाला, "सर, प्रोग्रेसिव्ह करून टाका, लांबचं-जवळचं एकाच काचेत."

काका निफाडकडचे द्राक्षबागायतदार, एमएम म्हणजे त्यांना द्राक्षाच्या मण्याची जाडी. बायकोचा चष्मा तयार व्हायचा होता, म्हणजे वेळ भरपूर.

"एमएम कमी म्हणजे माल बारीक ना?"

"उलटं आहे काका. दुर्बिणीच्या फोकल लेंग्थचे १२०० एमएम भागिले आयपीसचे एमएम. सहाने दोनशे पट मोठं दिसतं."

"आन् चोवीसने?"

"पन्नास पट."

"तुम्ही कोणता घेऊन राहिले?"

"चोवीस."

"म्हणजे कमी दाखवणारा. स्वस्त असंल."

"नाही. महाग."

काकांनी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने काउंटरखाली काहीतरी शोधायला घेतलं.

"महाग कशापायी?"

"त्याला अंश जास्त आहेत. साध्याला ५०-५२, याला ६८. म्हणजे समोरचं चित्र मोठं, रुंद दिसतं."

"हां! आभाळ जास्त दिसतं."

इथे होय म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण आयपीसच्या सव्वा इंची नळीत आभाळ मावायलाही मर्यादा आहे. ३२ चा साधा प्लॉसल आणि २४ चा ६८ अंशी, दोघांत जवळपास सारखाच तुकडा दिसतो, माझ्या दुर्बिणीत सुमारे १.४ अंश. चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे पावणेतीन चंद्र ओळीत बसतील एवढा. मी तसं सांगितलं.

"मग तो बत्तीसवाला केवढ्याला?"

"बराच स्वस्त."

"मंग?"

"त्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत पाच मिलिमीटरच्या वर जातो, चोवीसमध्ये चारच राहतो. त्यामुळे आकाश जरा काळं दिसतं."

काका स्टुलावरून उठले. "काळं दिसायचे जादा पैसे?" मग आत लेन्स घासणाऱ्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात, "हे सर अंधार इकत घेऊन राहिले!"

पोरगं मशीन बंद करून मला बघायला बाहेर आलं.

नागलर नावाच्या अमेरिकन माणसाने अपोलोच्या चांद्रवीरांना सराव द्यायच्या सिम्युलेटरची भिंगं घडवली आणि पुढे तीच विद्या आयपीसमध्ये आणून ८२ अंशांची खिडकी उघडून दिली, हे मी सांगणार होतो. पोराचा चेहरा बघून गिळलं. स्वस्त वाइड अँगलमध्ये कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात, हेही.

पण अंधार विकत घ्यावा लागतो हे खरंच आहे, आणि त्याचा मला राग आहे. गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्न असलं की आकाशात झोत फिरवतात. नवरा-नवरी खाली, झोत वर, देवयानी दीर्घिका कायमची गायब. होर्डिंग रात्रभर जळतात, कोणासाठी देव जाणे. गुरू सिंह राशीत येतो म्हणून बारा वर्षांनी या गावात सिंहस्थ भरतो. २०१५ ला झाला, आता २०२६-२७ चा. त्या गुरूच्या नावाने रस्ते खणलेत, खांबांवर आणखी दिवे चढतायत. प्रत्यक्ष गुरू दाखवतो म्हणून सोसायटीत निरोप दिला, तर सेक्रेटरींनी विचारलं की गच्चीची परवानगी घेतली का. आणि दुर्बीण कोणाच्या खिडकीकडे वळणार नाही असं लिहून द्या म्हणाले. डॉब्सोनियनमध्ये खिडकी उलटी दिसते, हे सांगून संशय फक्त वाढला.

माझा सिलिंडर सव्वा निघाला. म्हणजे चष्मा घालूनच बघायचं, म्हणजे यादीतले निम्मे आयपीस बाद. विचारायला गेलो होतो त्या एका आकड्यासाठी दुकानदाराने पूर्ण तपासणीचे पैसे लावले. वर सुट्टे नाहीत म्हणून काच पुसायचं फडकं दिलं.

काकूंचा चष्मा आला. काकांनी तो उजेडात धरून पाहिला, हातरुमालात गुंडाळला आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, मळ्यात या. अंधार फुकट आहे. आन् तो बत्तीसवालाच घ्या, उरलेल्यात पेट्रोल होईल."

दुकानदाराने जोरात मान डोलावली. प्रोग्रेसिव्ह विकणाऱ्या माणसाला यातलं काय कळतंय!