रात्री बाराचा क्रॉन आणि मागे जाणारे घड्याळ

सप्रेम नमस्कार.

सर्व्हरच्या वेळेविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. रोज रात्री बाराला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) एनटीपीडेट, म्हणजे इंटरनेटवरील वेळ-सर्व्हरला विचारून घड्याळ एकदाच जुळवणारी आज्ञा, चालवले की भागते, मग क्रोनीचा, म्हणजे मी सुचवलेल्या, सतत चालू राहून घड्याळ जुळवत ठेवणाऱ्या सेवेचा खटाटोप कशाला, हा पहिला. आणि मी सांगितले तसे करूनही आपल्या सर्व्हरची वेळ जुळली नाही, हा दुसरा. दुसऱ्यात चूक माझी आहे. पहिला मात्र मला मान्य नाही, कारण त्या वाटेवर मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

भोसरीतील एका कारखान्याच्या सर्व्हरवर काही वर्षांपूर्वी मी नेमके हेच करून ठेवले होते. तेथे रात्री बाराला दुसरी पाळी सुटते आणि तिसरी लागते. सर्व्हरच्या घड्याळाची चूक दहा लाखांत वीस इतकी किरकोळ धरली, तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ती सुमारे १.७ सेकंदांवर जाते. आणि फरक अर्ध्या सेकंदाहून अधिक असला की एनटीपीडेट घड्याळ एका झटक्यात बदलते. आमचे घड्याळ पुढे पळणारे होते, म्हणून तो झटका त्याला मागे नेई. त्यामुळे एक खोके बाराच्या ठोक्याला नोंदले जाई आणि त्याच्या मागून स्कॅन झालेले खोके ११:५९:५८ ला, म्हणजे सुटलेल्या पाळीच्या खात्यावर पडे. दोन सुपरवायझरांची आकड्यांवरून जुंपली, आणि मी आठवडाभर डेटाबेसमध्ये दोष शोधत बसलो.

क्रोनी घड्याळाची चालच मोजते, ती फाइलमध्ये लिहून ठेवते आणि चूक साचण्याआधीच भरून काढत राहते. तिच्या सेटिंगमधील ‘मेकस्टेप १.० ३’ या ओळीमुळे सेवा सुरू झाल्यावर पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच, तीही फरक एका सेकंदाहून जास्त असेल तर, वेळ झटक्यात बदलण्याची मुभा मिळते; पुढे घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त केला जातो, काटा मागे जात नाही. लेखात ही ओळ मी दिली, कारण दिले नाही.

आता माझी चूक. आपण दिलेल्या ‘क्रोनीसी सोर्सेस’च्या (क्रोनी कोणत्या वेळ-सर्व्हरांना विचारते ते दाखवणाऱ्या आज्ञेच्या) आउटपुटमध्ये चारही सर्व्हरांसमोर ‘रीच’ शून्य आहे, याचा अर्थ एकाही विचारणेला उत्तर आलेले नाही. बहुधा ऑफिसच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणारा यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे वेळ विचारण्याची वाट, बंद असावा; ही शक्यता मी लेखात नोंदवायलाच हवी होती. तो उघडण्याचे कारण नेटवर्कवाल्यांनी विचारलेच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा हवाला द्यावा. एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, वेळ जुळवावी असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

पोर्ट उघडल्यावर ‘रीच’ १, ३, ७, १७ असा चढत ३७७ वर स्थिरावेल; तो आकडा अष्टमान पद्धतीचा (फक्त ० ते ७ अंक वापरणारा) असून शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळाल्याचे सांगतो. तत्पूर्वी क्रॉनमधील एनटीपीडेटची ओळ तेवढी काढून टाकावी, अन्यथा दोघे एकाच घड्याळाला हात घालतील.