पथ्य नंतर, आधी वजन

नवज्योतसिंग सिद्धू यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्नीच्या कॅन्सरमुक्तीचं श्रेय लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि साखर-दूध बंद करण्याला दिलं. त्यावर टाटा मेमोरिअलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढावं लागलं: असल्या दाव्यांवर विसंबून उपचार लांबवू नका. पत्रक गरजेचंच होतं. पण मुंबईतल्या घरांत आणि व्हॉट्सॲपवर आजही चर्चा होते ती 'काय खावं, काय वर्ज्य' एवढ्याचीच. ब्रिटनमधून ती वाचताना एक गोष्ट खटकत राहते. पेशंटचं वजन सहा महिन्यांत किती उतरलं, हे कुणीच विचारत नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तर पहिला प्रश्न हाच हवा.

या आजारात गाठ बहुतेकदा स्वादुपिंडाच्या डोक्याशी, म्हणजे आतड्यालगतच्या रुंद टोकाशी असते. ती पित्तनलिका दाबते आणि कावीळ होते. कावीळ म्हटली की आपल्याकडे तेल-तूप बंद, हळद बंद. उसाचा रस आणि मऊ भात सुरू. कुणी माळ घालायलाही नेतं. मुळात भूक मेलेली, पाचकरस आतड्यात नीट पोचत नाहीत म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि त्यात घरचेच मायेपोटी ताटातल्या कॅलरी काढून घेतात. सोनोग्राफी, सीटी, पित्तनलिका मोकळी करणारी स्टेंटची नळी होईपर्यंत माणूस अर्धा होतो.

ब्रिटिश रुग्णालयांत कुपोषणाचा धोका ओळखणारी 'मस्ट' नावाची चाळणी २००३ पासून आहे. लागतं काय? उंची, आताचं वजन आणि तीन ते सहा महिन्यांपूर्वीचं वजन. घट ५ ते १० टक्के असेल तर १ गुण, त्याहून जास्त असेल तर २. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) १८.५ ते २० असेल तर १, त्याखाली २. आजारपणामुळे पाच दिवसांहून जास्त पोटात काही गेलं नसेल किंवा जाणार नसेल तर आणखी २. बेरीज २ किंवा जास्त झाली की आहारतज्ज्ञाकडे पाठवतात.

समजा, १६५ सेंटिमीटर उंचीच्या काकांचं वजन सहा महिन्यांत ६८ वरून ६१ किलोवर आलं. सात किलो भागिले ६८, गुणिले १००, म्हणजे १०.३ टक्के. धोक्याची घट. बीएमआय मात्र २२.४, अगदी 'नॉर्मल'! केसपेपरवर नुसता बीएमआय लिहिला तर कुपोषण दिसणारच नाही. मधुमेह असेल तर वर 'छान बारीक झालात' अशी शाबासकी मिळते. (साठीनंतर नव्याने मधुमेह आणि सोबत वजन घटतंय, तर तातडीने सीटीचा विचार करा, असं इथल्या मार्गदर्शक सूचना सांगतात.) जुनं वजन आठवत नसेल तर जुने केसपेपर शोधावेत, तेही नसतील तर पट्ट्याचं भोक, सैल झालेली अंगठी, हलणारी कवळी विचारावी.

'मस्ट'ला स्नायू दिसत नाहीत, ही त्याची मोठी उणीव. पोटात पाणी झालं की दोन लिटरमागे काटा दोन किलो जास्त दाखवतो आणि घरच्यांना वाटतं, वजन भरलं. म्हणून पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजावा: पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. पायावर सूज असेल तर हे माप फसवं. मग हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगावं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शारीरिक क्षमता कमी. अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या एका प्रथिनाच्या) रिपोर्टवर मात्र कुपोषण ठरवू नये. ते शरीरातल्या दाहामुळेही (इन्फ्लमेशन) उतरतं, आणि या आजारात दाह असतोच.

शौचाबद्दल विचारायला आपण लाजतो. फिकट, तेलकट, उग्र वासाचं, पाण्यावर तरंगणारं, फ्लश करूनही न जाणारं, असं असेल तर चरबी पचत नाहीये. इलाज तूप तोडणं नव्हे, पाचकरसाच्या कॅप्सूल. इथे सुरुवात साधारण जेवणाला ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला २५,००० अशी करतात. चुका ठरलेल्या: जेवण झाल्यावर घेणं, गरम चहासोबत घेणं, चावून खाणं. पहिल्या घासाला अर्ध्या, मधे उरलेल्या, साध्या पाण्यासोबत. तरी फरक नसेल तर डॉक्टर डोस वाढवतात, आम्लपित्ताची गोळी जोडतात. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. हे घरच्यांना आधी सांगायलाच हवं.

काकांना रोज साधारण १,५०० ते १,८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतील. एका अंड्यात सहा ग्रॅम. पेजेवर हे भागत नाही.

ब्रिटनचे गोडवे गाण्याचं कारण नाही. २०१८ मध्ये कॅप्सूलची शिफारस झाली, पण शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या निम्म्याहून अधिक पेशंटना त्या लिहूनच दिल्या जात नव्हत्या, असं इथल्याच पाहणीत दिसलं. २०२४ मध्ये तर तुटवडा पडला. मुंबईत पैसे खिशातून जातात, पण ताटाशेजारी बसणारं माणूस असतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या नातेवाइकांनाही टेप आणि वही वापरता येते. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर, तसल्याच हलक्या कपड्यांत वजन घ्यावं आणि परळच्या ओपीडीत ती वही डॉक्टरांपुढे उघडावी.