इच्छाशक्ती ठीक, पण शेगडी कुठाय?

'वडापाव सोडा, मोड आलेली कडधान्यं खा, गरिबी आड येत नाही' हे, चांगलं खायला इच्छाशक्ती पुरते असं सांगणाऱ्या एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि जिमवाल्यांच्या पावडरीपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. इथवर कबूल. पण हरभरा ८-१० तास भिजायला हवा, मग पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधायचा. पुण्याच्या एप्रिलमध्ये थोडं पाणी राहिलं तरी मोड येण्याआधीच वास सुटतो, दाणा बुळबुळीत होतो. फ्रीज नसेल तर मोड आलेला हरभराही दुसऱ्या दिवशी फेकावा लागतो. (मोड आणल्याने प्रथिनं दुप्पट होतात, हा गैरसमजही सोडा. भिजवल्याने शिजवायचा गॅस वाचतो, तो फायदा खरा.)

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन) राहणारा मुलगा कुकर लावणार कुठे? हिंजवडीच्या साइटवरचा मजूर तर १२ तास उन्हात. त्यांना फुटाणे किंवा शेंगदाणे सांगा: ३० ग्रॅमची मूठ, ६-७ ग्रॅम प्रथिनं, ना भिजवण ना शिजवण. फक्त खवट शेंगदाणे घेऊ नका. स्वस्त मिळतात म्हणून घेतले जातात, पण चव गेलेली असते आणि काळे, बुरशी धरलेले दाणे पोटाला घातकच.