घोड्याच्या नाकात तेल ओतू नका

घोडेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक संदेश फिरतोय. वर लिहिलंय, ‘जुन्या पागेची पद्धत, डॉक्टरची गरज नाही’. माझ्या मावसभावाकडे वरातीच्या दोन घोड्या आहेत. त्याला तो आला आणि त्याने लगेच चंदी (दाण्याचा खुराक) वाढवलीसुद्धा. म्हणून हे लिहायला बसलो.

संदेशातले दावे थोडक्यात असे. चाऱ्याने नुसतं पोट सुटतं, ताकद चंदीत असते, म्हणून सकाळ-संध्याकाळ तीन-तीन किलो जव-हरभरा आणि वर गूळ द्या. पोट दुखलं तर अर्धा लिटर गोडेतेल नाकपुडीतून ओता आणि घोडा पळवा. घामाघूम घोड्याच्या अंगाला गार पाणी लावू नका. नाल मारली की चार महिने खुराकडे बघू नका. घोडा उभ्यानेच झोपतो, त्याला बिछाना नको. दर दोन महिन्यांनी जंताचं औषध पाजा.

आधी तेलाचं बघू, कारण त्यात घोडा जीवानिशी जातो.

घोड्याचं नाक मागे घशात उघडतं आणि तिथून अन्ननलिका आणि श्वासनलिका अशा दोन वाटा फुटतात. नाकात ओतलेलं तेल कुठल्या वाटेने जाईल, ते ओतणाऱ्याच्या हातात नसतं. त्यात दोघांनी मिळून मान वर ताणून धरलेली असली तर घोड्याला नीट गिळताच येत नाही. पाणी श्वासनलिकेत गेलं तर घोडा ठसकतो, निदान कळतं तरी. तेल मऊ असतं, ते खाली उतरताना पुष्कळदा ठसकाही लागत नाही. माणसाला वाटतं, सगळं पोटात गेलं. पुढच्या एक-दोन दिवसांत ताप चढतो, नाकपुड्या फुलतात, श्वास भराभर चालतो, नाकातून घाण वासाचा स्राव येतो. फुप्फुसात उतरलेलं तेल परत काढता येत नाही आणि अशा न्यूमोनियातून फार थोडे घोडे उठतात. बांबूच्या नळीने तोंडातून ओतलं तरी धोका तोच.

‘मग डॉक्टर तेल देतात ते कसं?’ हा प्रश्न येणारच. देतात, हे खरं आहे. पण ते लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल असतं आणि नाकातून थेट जठरापर्यंत घातलेल्या लांब नळीने देतात. नळी सरकताना मानेच्या डाव्या बाजूला हाताला लागते. दुसऱ्या टोकातून हवा ओढली तर येत नाही, म्हणजे ती अन्ननलिकेत आहे. एवढी खात्री झाल्यावरही आधी जठरात साठलेलं पाणी आणि वायू बाहेर येतोय का, ते बघतात. घोड्याला उलटी करता येत नाही. पुढे आतडं अडलेलं असेल तर जठर आधीच तट्ट फुगलेलं असतं आणि वरून भर घातली तर ते फुटतं. अशा वेळी डॉक्टर तेलाचा थेंबही देत नाही.

पळवण्याचंही तसंच. घोडा सारखा अंग टाकून लोळायला बघत असेल तर दहा-पंधरा मिनिटं हळू फिरवायला हरकत नाही, इतपत त्या संदेशात तथ्य आहे. दौडवायचं मात्र नाही. आधीच अंगातलं पाणी तुटलेलं, नाडी चढलेली, त्यात उरलेलं बळही जातं.

डॉक्टर येईपर्यंत करायचं ते असं. समोरचा सगळा चारा-दाणा उचला. जबड्याच्या हाडाखाली, आतल्या कडेला दोन बोटं ठेवून नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते, 60 च्या वर गेली तर मामला गंभीर. ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. दोन्ही कुशींना कान लावून आतड्याचा आवाज येतोय का, ऐका. शेवटची लीद कधी टाकली, ते आठवा. हे सगळं फोनवरच सांगा. दुखणं मारणारं इंजेक्शन स्वतःच्या मनाने टोचू नका. वेदना दबते, आतड्याचा पीळ तसाच राहतो आणि वेळ हातची जाते.

आता चंदी. हा सल्ला पोटशूळ तयार करतो आणि तेलाचा सल्ला त्यावर उपाय म्हणून येतो, म्हणून दोन्ही एकाच संदेशात बघून जास्त संताप येतो.

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपतं, पोटात काही असो वा नसो. त्याला शमवणारी लाळ मात्र चावत असतानाच सुटते. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. तबेल्यात बांधून, चारा तोडून दोन तोबरे चंदी दिली की मधल्या वेळेत रिकाम्या जठराला आम्ल खात बसतं. युरोपातल्या घोड्यांच्या वैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेने 2015 मध्ये जठराच्या व्रणांवर एकमताने निवेदन काढलं. त्यात मर्यादा स्पष्ट आहे: शरीराच्या दर किलो वजनामागे स्टार्च एका वेळी 1 ग्रॅम आणि दिवसभरात 2 ग्रॅम, त्यापुढे नाही. आता हिशोब करा. 350 किलोच्या घोडीला एका वेळी 350 ग्रॅम स्टार्च चालतो. जवात जवळपास निम्मा स्टार्च असतो, म्हणजे साधारण 700 ग्रॅम जव. संदेशातल्या तीन किलो जव-हरभऱ्यात सव्वा किलोहून जास्त स्टार्च जातो. गूळ वेगळाच.

लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. तिथले उपयोगी जिवाणू मरतात, वायू धरतो, पोट फुगतं. त्यातूनच पुढे खुराच्या आतलं अस्तर सुजतं. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, मागे रेलून उभा राहतो, खूर हाताला गरम लागतो. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात घोडा भरलेला दिसावा म्हणून चंदी वाढवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. अयाळीखाली चरबीचा कडक वळ आला, तर ते ताकदीचं लक्षण नव्हे.

वरच्या हिशोबातल्या 350 किलोच्या घोडीला दिवसाला निदान सव्वापाच ते सात किलो वाळलेला चारा लागतो. लांब मारवेल किंवा वाळलं गवत उत्तम, सोबत थोडा लसूणघास. बारीक कडबाकुट्टी घोडा न चावता भराभर गिळतो आणि पाणी कमी पडलं तर ती आतड्यात गच्च बसते. वरातीच्या घोडीचं तर दुपारपासून रात्रीपर्यंत तोंड बांधलेलं असतं आणि परत आल्यावर पुढ्यात हरभऱ्याचं घमेलं येतं. निघायच्या आधी पोटभर गवत द्या, आल्यावर पाणी आणि पुन्हा गवत, चंदी त्यानंतर थोडी. काम जास्त असेल तर जास्त ऊर्जा लागते, हे मान्य. त्यासाठी तेच गोडेतेल चंदीत कालवा. 50 मिलीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत 200 पर्यंत न्या.

बाकीचे मुद्दे भराभर. गार पाण्याने स्नायू आखडतात हा समज 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकआधीच्या संशोधनातच मोडीत निघाला. तापलेल्या घोड्यावर सारखं गार पाणी ओतत राहा आणि प्यायलाही द्या. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. चार महिने नाल तशीच ठेवली तर पुढचं टोक लांबतं, टाच दबते, मागच्या शिरेवर ताण येतो. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. कोरडा, मऊ बिछाना हवाच.

जंतांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जंतांनी पोटशूळ होतो. पण डोळे झाकून दर दोन महिन्यांनी तेच औषध दिलं की जंत त्याला जुमानेनासे होतात. आधी ताजी लीद तपासून घ्या. मोठ्या घोड्यात ग्रॅममागे 200 पेक्षा कमी अंडी निघाली तर त्या वेळचा डोस सहसा टाळता येतो. द्यायचाच झाला तर वजनाप्रमाणे पूर्ण द्या, अंदाजाने कमी नको. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 165 आणि लांबी 152 आली, तर घोडी साधारण 348 किलोची.