संलग्नीकरणाच्या बिलावरचे १८ टक्के: प्राचार्य सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. तुम्ही लिहिलंत, ‘शिक्षणावर जीएसटी नाही असं छातीठोकपणे सांगता, मग विद्यापीठानं आमच्या महाविद्यालयाला पाठवलेल्या संलग्नीकरणाच्या बिलावर १८ टक्के कुठून आले? अर्धवट माहितीनं लोकांची दिशाभूल होते.’ तुमची तक्रार रास्त आहे. ते वाक्य मी इतकं मोघम लिहायला नको होतं. मूळ लेखात ते आज दुरुस्त केलंय.

कायद्यानं अख्ख्या विद्यापीठाला माफी दिलेली नाही. जून २०१७ च्या १२/२०१७ या अधिसूचनेत सूट आहे ती संस्थेनं आपले विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांना दिलेल्या सेवेला. म्हणून शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, विद्यापीठाच्याच वसतिगृहाचं शुल्क यांवर कर लागत नाही. प्रवेशअर्ज आणि स्थलांतर प्रमाणपत्राच्या शुल्काबद्दल शंका होती, ती ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानं फिटली, तेही करमुक्त. मेस संस्था स्वतः चालवत असेल तर कर नाही, तेच जेवण ठेकेदारानं पुरवलं तर ५ टक्के. सभागृह बाहेरच्या कार्यक्रमाला दिलं किंवा आवारातली खोली बँकेला भाड्यानं दिली, तर १८ टक्के. इथे ‘आपलं उत्पन्न २० लाखांच्या आत आहे’ असं म्हणून सुटता येत नाही, कारण त्या उलाढालीत करमुक्त शुल्कसुद्धा मोजतात.

आता तुमचं बिल. संलग्नीकरणाची, म्हणजे महाविद्यालय विद्यापीठाशी जोडून घेण्याची सेवा विद्यार्थी घेत नाही, महाविद्यालय घेतं. त्यामुळे ती या करसवलतीत बसत नाही, असं सरकारचं म्हणणं आहे. ११ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानं ते स्पष्टच करून टाकलं.

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्या हिशेबनीसांना आधीच जाणवलं असेल. दुकानदार खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. महाविद्यालयाची ‘विक्री’ म्हणजे विद्यार्थ्यांचं शुल्क, ते करमुक्त; मग वळतं करणार कशातून? १ लाखाच्या संलग्नीकरण शुल्कावरचे १८ हजार सरळ अंगावर पडतात. शुल्क मनाला येईल तसं वाढवता येत नाही, तेव्हा ते पैसे ग्रंथालयाच्या नाहीतर प्रयोगशाळेच्या खर्चातून निघतात. विद्यार्थ्याच्या पावतीवर कर शून्य दिसतो, पण भार त्याच्यावरच येतो. पहारेकरी आणि साफसफाईचंही तेच आहे: या सेवांना बारावीपर्यंतच्या शिक्षणासाठी सूट आहे, पदवीसाठी नाही. आपल्याकडे कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच फाटकाच्या आत असतं. त्या फाटकावरच्या पहारेकऱ्याचं बिल दोघांत कसं विभागायचं, हा प्रश्न मला अनेक संस्थांनी विचारलाय.

न्यायालयांतही एकमत नाही. तेलंगणा उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये संलग्नीकरणाला सूट नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मात्र एप्रिल २०२५ मध्ये गोवा विद्यापीठाच्या बाजूनं निकाल दिला. संलग्नीकरण हे विद्यापीठावर कायद्यानं सोपवलेलं काम आहे, तो धंदा नव्हे, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना हा निकाल परका नाही, उच्च न्यायालय एकच आहे.

म्हणून माझी विनंती अशी: बिल थकवू नका, संलग्नीकरण अडकेल. रक्कम भरताना ‘हरकत नोंदवून भरत आहोत’ असं पत्र सोबत जोडा, त्यात या निकालाचा उल्लेख करा आणि कर कोणत्या आधारावर लावला ते विद्यापीठाच्या वित्त विभागाकडे लेखी मागा. आणखी एक, बिलात संलग्नीकरण, नवीन तुकडीची परवानगी आणि स्थानिक चौकशी समितीचा खर्च वेगवेगळे दाखवलेत की एकाच रकमेवर कर लावलाय, तेवढं पाहून कळवा. पत्राचा मसुदा मी त्यावरून करून देईन.