पार्टनर रेटिंग बघून घ्यायचा? मला नाही पटलं

सध्या एक मेसेज फिरतोय, पिकलबॉलच्या (छोट्या कोर्टवर पॅडलनं, म्हणजे सपाट बॅटनं खेळायचा टेनिससारखा खेळ) जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर आलाय. म्हणणं असं की पार्टनर सेम रेटिंगचाच घ्या, कच्च्या खेळाडूबरोबर खेळलं की आपला गेम बिघडतो, आणि एकदा जोडी जमली की मोडू नका. तिन्ही गोष्टी मला पटत नाहीत, आणि सोलापुरात तर हे पाळून नुकसानच होईल.

रेटिंगचं आधी. डूपर (DUPR) या पिकलबॉलच्या रेटिंग सिस्टिमवर 2 ते 8 मधला आकडा मिळतो, मॅचच्या निकालांवरून निघतो, ठीकाय. पण मधून आलेला बॉल कोण घेणार हे त्यात कुठंय? दोघं सेम लेव्हलचे, दोघं जोरात मारणारे, आणि बॉल मधून गेला की एकमेकांकडं बघत उभे, हे कायम दिसतंय की ओ. त्यापेक्षा "माझा" म्हणून वेळेवर ओरडणारा परवडला, मग तेलुगूत ओरडू दे नाहीतर कन्नडात, आपल्याकडं कळतं सगळ्यांना. आणि लाईन कॉल! जोडीतला एक आउट म्हणाला आणि दुसऱ्याला इन दिसला तर नियमानं बॉल इनच. असं स्वतःच्या पार्टनरला खोडून "इन होता" म्हणणारा माणूस भेटला तर सोडू नका त्याला, रेटिंग काही का असेना.

कच्च्या पार्टनरवरच समोरचे बॉल टाकणार हे खरंय. मग पक्का काय करतो, त्याच्या बाजूला घुसून सगळं स्वतःच मारायला बघतो, 20 फूट रुंद कोर्ट, स्वतःची बाजू उघडी पडते आणि पॉइंट जातो. गेम बिघडतो तो यानं. तेच किचनपाशी, म्हणजे नेटजवळच्या पट्ट्यापाशी थांबून मऊ डिंक (नेटवरून हळूच टाकलेले शॉट) टाकले, रॅली लांबवली, तर त्यालाही वेळ मिळतो आणि आपलाही हात बसतो. टूर्नामेंटला तोलामोलाची जोडी हवी, मान्य.

फिक्स जोडीचं मात्र मला फार लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, उघड्या कोर्टवर भल्या सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावरच खेळता येतं, त्यात चौघांनी कोर्ट अडवलं की जुळे सोलापूर भागातनं गाडी मारत आलेलं नवीन पोरगं पॅडल मांडीवर घेऊन नुसतं बघत बसतं, दोनदा असं झालं की परत येत नाही. नंबरासाठी पॅडल रांगेत लावा, 11 पॉइंटला गेम संपला की चौघं बाहेर, पुढचे चार आत. कुणाशी जमतं ते खेळूनच कळतं, जोडी त्यानंतर करा.