आपलाच लांडगा

दर गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून निघतो तेव्हा माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत लॅपटॉप नसतो. चार लांडगे असतात, दोन पायांवर चालणारे. त्यांच्या शेजारी फोमच्या खाचांत दोन शिंगाडे बोकड, एक दगडी राक्षस आणि काळ्या झग्यातले सहा-सात साधू आडवे झोपलेले असतात. आणि सर्वांत खाली, 'लसूण चटणी' अशी पट्टी अजून न निघालेल्या डबीत, थोरल्या लांडग्याचा उजवा हात. हा हात गेली सहा वर्षं नियमानं निखळतो. शिशासारख्या जड धातूचा आहे, मूर्ती सेकंडहँड घेतलेली आहे, आणि ज्याच्याकडून घेतली तो मनगटाला हात लावू नका म्हणाला होता ते मी ऐकलं नाही.

मी सिएटलजवळ बेल्व्ह्यूला राहतो. प्रायव्हेटीअर प्रेस नावाच्या कंपनीनं 2006 मध्ये 'हॉर्ड्स' हा टेबलावर मूर्ती मांडून खेळायचा युद्धाचा खेळ आणला. तिचं ऑफिस कितीतरी वर्षं आमच्याच गावात होतं, आणि मला ते खेळायला लागल्यावर नवव्या वर्षी कळलं. खेळात दोघं समोरासमोर, मध्ये चार फूट बाय चार फुटांचं टेबल, हातात फासे आणि इंचांची टेप. मी घेतलेल्या सैन्याचं नाव सर्कल ओरबोरॉस. ड्रुइड, म्हणजे जंगलातले मांत्रिक साधू, आणि त्यांच्या इशाऱ्यावर लढणारी जनावरं.

हे सैन्य मी का घेतलं? तर मला वाटलं, निसर्ग आहे, झाडंबिडं आहेत, आपण सह्याद्रीत भटकलेली माणसं, जमेल. पुण्याच्या फ्लॅटमध्ये माझ्या हातून दोन तुळशी आणि एक मनीप्लँट गेला होता, त्याचं प्रायश्चित्तही होईल. मनीप्लँट मारायला वेगळीच प्रतिभा लागते असं बायको म्हणते. पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा कळलं, हे चिपको आंदोलन नव्हे. ही मंडळी झाडाला मिठी मारत नाहीत. शहरं पाडतात. त्यांच्याकडे फाशीच्या दोरांनी लगडलेलं, आपण होऊन चालणारं एक झाडही आहे.

खऱ्या ड्रुइडांबद्दल ज्युलियस सीझरनं लिहून ठेवलंय, की त्यांची विद्या लिहून ठेवायची परवानगी नव्हती, सगळं श्लोकांत पाठ करायचं, आणि काही शिष्यांची त्यात वीस वीस वर्षं जायची. हे वाचून मला फार धीर आला. माझं हे दहावं वर्ष आहे आणि जंगलातून किती इंच चालता येतं ते मला अजून विचारावं लागतं. शिवाय त्या शिष्यांना 2010, 2016 आणि 2022 साली नव्या आवृत्त्या पाठ करायला लागल्या नव्हत्या.

मूर्ती विकत घेतली की खेळता येतं, असा एक समज आहे. ती जोडायची असते. जोडायला सुपरग्लू. पहिल्याच रात्री माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटले आणि सकाळच्या मीटिंगला मी कॅमेऱ्यासमोर ज्ञानमुद्रेत बसलो. कुणी काही विचारलं नाही. भारतीय माणूस सकाळी ज्ञानमुद्रेत बसत असणार, असंच त्यांना वाटलं असेल.

मग प्रायमर. रंग धरावा म्हणून आधी मूर्तीवर स्प्रे मारायचा, आणि हवा कोरडी हवी. सिएटलला ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत कोरडी हवा म्हणजे दुष्काळातला जावई. मी एका शनिवारी दोन सरींच्या मधली वीस मिनिटं साधून गॅरेजच्या दारात स्प्रे मारला. हवेतल्या दमटपणानं तो नीट बसलाच नाही आणि लांडगा सर्वांगानं खरखरीत झाला. रवा लावून तळलेला बांगडा दिसतो, डिट्टो तसा. बाकीचे लोक फर रंगवायला तासन्‌तास घालवतात. माझ्या लांडग्याला फर प्रायमरनंच दिली.

आणि मूर्तीच्या पायाखालचा बेस. निसर्गाचं सैन्य म्हटल्यावर खाली गवत हवं, शेवाळ हवं. दुकानात हिरव्या गवताची पाकिटं मिळतात, पण आमच्या मागच्या अंगणात शेवाळाशिवाय दुसरं काही उगवतच नाही, तर विकत कशाला घ्यायचं? हा सातारचा हिशेब. आणलं शेवाळ, थोडी माती. त्यात किडे असतात, म्हणून ते ओव्हनमध्ये मंद आचेवर अर्धा तास भाजायचं, असं जाणकार सांगतात. विसाव्या मिनिटाला बायको खाली आली.

"काय भाजतोयस?"

"माती."

तिनं ओव्हनच्या काचेतून वाकून पाहिलं. "मला डोहाळे लागले होते तेव्हा मीसुद्धा माती मागितली नव्हती," ती म्हणाली आणि खिडकी उघडायला गेली.

हे सगळं होऊनही मी हा खेळ धरून बसलोय त्याचं कारण राग. या खेळात राग मोजता येतो. जनावराला नेहमीपेक्षा जास्त काही करायला लावलं, अजून एक पंजा मार, अजून जोरात मार, पळत जा, की दर मागणीला त्याच्या अंगावर रागाचा एक ठिपका चढतो. पुढच्या डावाच्या, म्हणजे आपल्या पुढच्या पाळीच्या, सुरुवातीला म्होरक्या साधूनं हे ठिपके जनावरांच्या अंगावरून स्वतःकडे ओढून घ्यायचे. त्याच रागावर त्याचे मंत्र चालतात. पण त्याचीही कुवत ठरलेली, सहा किंवा सात. त्याहून जास्त राग चार जनावरांवर मिळून असला, तर उरलेला तिथेच राहतो. मग त्या जनावरासाठी दोन फासे टाकायचे, त्यात उरलेला राग मिळवायचा, आणि बेरीज त्याच्या सहनशक्तीपेक्षा जास्त झाली की जनावर बिथरतं. सहनशक्ती नऊ आणि अंगावर दोन राग असेल, तर फाशांवर आठ किंवा जास्त पडला की संपलं. छत्तीसांतल्या पंधरा वेळा पडतो. माझ्याकडे जरा जास्त.

बिथरलेलं जनावर समोर जो सर्वांत जवळ दिसेल त्याच्या अंगावर जातं. आपला की परका, हे बघत नाही.

गेल्या पावसाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली. वाईजवळचं गाव सोडून ती पहिल्यांदाच इतके दिवस बाहेर राहत होती. एका रात्री मी जेवणाच्या टेबलावर मूर्ती मांडून सराव करत होतो, तर ती चष्मा लावून शेजारी बसली. मी गुरुवारी जिथे खेळतो त्या दुकानातल्या नव्या पोरांना हा रागाचा नियम समजावतो तेव्हा दोन गुरुवार जातात. आईला तीन मिनिटं लागली.

"म्हणजे तुझ्या आजीसारखं," ती म्हणाली. "अकरा माणसांचं घर. सकाळी उठली की प्रत्येकाचं कालचं ऐकून घ्यायची. कुणाचं राहिलं, की संध्याकाळी तो जवळच्यावरच खेकसायचा."

"आजीची कुवत किती असेल?"

"बारा तरी. आणि तुझ्या आजोबांची एक."

मग मी तिला म्होरक्याची दुसरी सोय सांगितली. त्याच्यावर घाव आला, तर साठवलेल्या रागातला एक ठिपका खर्चून तो घाव जनावरावर ढकलता येतो. "हे तुझे आजोबा," आई म्हणाली. जनावराचं अंग मन, शरीर आणि आत्मा अशा तीन भागांत वाटलेलं असतं. मन गेलं तर नेम साधताना एक फासा कमी, शरीर गेलं तर घाव घालताना एक फासा कमी, आणि आत्मा गेला तर त्याला काही जास्तीचं करायला लावताच येत नाही. हे ऐकून ती माझ्याकडे बघत राहिली. तो सोमवार होता.

आता दगडांचं. माझ्या सैन्यात तीन उभे दगड आहेत, बोटाएवढे, करडे, त्यांवर हिरवी अक्षरं. ते त्रिकोणात उभे केले की मधला आपला गडी उचलून आठ इंचांवर ठेवता येतो. मी ते वार्निश वाळायला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले होते. सकाळी चहाला गेलो तर तिन्ही दगडांना हळदकुंकू लागलेलं, पुढे अंगणातल्या ऱ्होडोडेंड्रॉनचं एक फूल आणि चिमूटभर साखर.

"आई, हे काय?"

"तूच सांग. म्हसोबा का वेताळ? ठेवलेस आणि पाण्याचा थेंब नाही."

झाडाखाली तीन दगड ओळीनं उभे दिसले तर आमच्या गावात कुणी कंपनी विचारत नाही. देवराईतली वाळकी काटकी न उचलणाऱ्या बाईला मी काय सांगणार? हे खेळातले आहेत, मधल्या माणसाला उचलून दुसरीकडे ठेवतात, एवढं सांगितलं.

"म्हणजे पावतात," आई म्हणाली आणि रोज पूजा चालू झाली.

दुकानात माझा नेहमीचा प्रतिस्पर्धी म्हणजे छातीपर्यंत दाढी असलेला एक प्लंबर. मोठा सज्जन माणूस. त्यानं दगड हातात घेऊन दिव्याखाली फिरवले. रक्ताचा इतका खरा रंग त्यानं पाहिला नव्हता. वाळलेलं, खाचांत बसलेलं, मध्येच पिवळी झाक! कुठला ब्रँड, किती थर?

"रोज एक," मी म्हणालो. "आई करते."

तो गंभीर झाला. त्याच्या आईनं त्याच्या मूर्ती एकदा जुन्या वस्तू विकायच्या यार्ड सेलमध्ये मांडल्या होत्या.

या प्लंबरचं सैन्य खादोरचं. खेळातला हा बर्फाळ उत्तरेकडचा देश, लाल रंगाचे, वाफेवर चालणारे लोखंडी राक्षस. त्यांतला सर्वांत नावाजलेला, हातात बर्फाची कुऱ्हाड घेतलेला, त्याचं नाव जगरनॉट. मी घरी हे नाव उच्चारलं आणि माझं चुकलं. इंग्रजीतला हा शब्द पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून आलाय, असंही मीच हुशारीनं सांगितलं.

आईनं हातातली भाजी खाली ठेवली. "तू जगन्नाथाशी लढतोस?"

"आई, ते मशीन आहे."

"रथच की मग."

त्या गुरुवारी निघताना तिनं मला नेहमीसारखं दही दिलं, पण चमचा अर्धाच होता.

खेळ चांगला चालला होता, हे मी साक्षीदारांसह सांगू शकतो. प्रत्येकाला एक तास, बुद्धिबळाचं घड्याळ शेजारी. तिसऱ्या डावात जगरनॉट माझ्या थोरल्या लांडग्यासमोर आला. मारायचा तर आत्ताच. माझ्याकडे गोरॅक्स नावाचं एक बुटकं, तिरसट जनावर आहे. त्याचा एक मंत्र आहे, प्रायमल. तो लांडग्यावर टाकला की लांडग्याची ताकदही वाढते, नेमही वाढतो. एकच अट. पुढच्या डावाच्या सुरुवातीला लांडगा बिथरणारच. फासे नाहीत, बेरीज नाही, राग कितीही ओढून घ्या. ठरलेलं.

पण मेलेल्या शत्रूशेजारी बिथरला तर बिथरू दे, पुढच्या शत्रूला खाईल! असा माझा हिशेब. टाकला मंत्र. लांडगा धावला. एक पंजा, दुसरा, मग राग चढवत चढवत तिसरा, चौथा. प्लंबर जगरनॉटच्या कार्डावरचे, जीव मोजायचे चौकोन एकेक खोडत होता. शेवटचा फासा थांबला तेव्हा त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि कार्ड माझ्याकडे फिरवलं. एक चौकोन उरला होता. एकच.

त्याच्या डावात जगरनॉटनं लांडग्याला मारलंसुद्धा नाही. तो शांतपणे मागे वळला आणि चालत निघून गेला. मी लांडग्याच्या मागून जाणारी ती लाल पाठ बघत राहिलो. मग टेप काढली. लांडग्याच्या समोर, तोंडापासून दीड इंचावर, हळदकुंकवासकट, आईचा मधला दगड.

"तू दगड तिथे का ठेवलेस?" प्लंबरनं विचारलं. खरंच कुतूहलानं विचारलं.

लांडगा झेपावला. त्या दगडाची चपळाई दगडाइतकीच असते, त्यामुळे नेम चुकण्याचा प्रश्न नव्हता. मी दगड टेबलावरून उचलून खिशात घातला. बाकीचे दोन त्रिकोण करू शकत नाहीत, म्हणून म्होरक्या साधूला पळायला जागा उरली नाही, आणि तो पुढच्या दहा मिनिटांत त्याच जगरनॉटकडून मेला. एक चौकोन उरलेल्या. मग सामान आवरताना लांडग्याचा हातही पडला.

रात्री साडेदहाला घरी आलो तर आई जागी. खिडकीपुढची जागा पुसून ठेवलेली. मी दोन दगड ठेवले.

"तिसरा?"

"खाल्ला."

"जगन्नाथानं?"

"नाही. लांडग्यानं."

"कुणाच्या?"

"आपल्याच."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मी खिशातून दगड काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं पदरानं पुसला. "त्या बुटक्यानं मंत्र घातला असेल."

"हो."

"मग बिथरणार हे तुला ठाऊक होतं. कागदावर लिहिलंय, परवा तूच वाचून दाखवलंस." तिनं डबीतला तुटका हात पाहिला, उचलला, उजेडाकडे धरला. "जगन्नाथावर टाकला होता ना हा?"

सकाळी तिन्ही दगड जागेवर होते, साखर होती, दोन फुलं जास्त होती. लांडगा मी बॅगेतून काढला नव्हता. तो खिडकीच्या कोपऱ्यात होता, तोंड भिंतीकडे. हात त्याच्या पायाशी ठेवला होता.